कोकणातल्या घरात नवं स्वयंपाकघर: डिझायनरच्या पहिल्या भेटीपासून शेवटच्या हप्त्यापर्यंत

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. जुनं चिऱ्याचं घर, वर कौलं, मागे विहीर आणि पोफळीची बाग. दहा वर्षांपूर्वी इथल्या स्वयंपाकघरात आम्ही पहिल्यांदा ट्रॉल्या बसवल्या, त्या एका शोरूमचा कॅटलॉग चाळून. फेब्रुवारीत काम झालं, मार्चमध्ये पाहुणे कौतुक करून गेले. पहिल्या पावसात सिंकखालचं पार्टिकल बोर्ड (लाकडाचा चुरा दाबून केलेली फळी) फुगलं, दुसऱ्या पावसात बिजागऱ्या गंजल्या आणि तिसऱ्या वर्षी ऐन गणपतीत एक शटर हातात आलं. पुढे ते सगळं काढून आम्ही पुन्हा काम केलं, तेव्हा मात्र रीतसर डिझायनर नेमून. ज्यांना हे पहिल्यांदाच करायचं आहे, त्यांच्यासाठी त्या दुसऱ्या कामातलं शिकलेलं सगळं इथे लिहिते आहे.

आधी माझं मुख्य म्हणणं सांगते. कोकणातलं स्वयंपाकघर पावसात आखायचं आणि पाऊस सरल्यावर बांधायचं. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी येतात, कोरडंठाक घर डिझायनरला दाखवतात आणि "गणपतीच्या आत पाहिजे" म्हणून भर पावसात सुतारकाम करून घेतात.

पहिली भेट जुलैत

डिझायनरला बोलवायला जुलैसारखा महिना नाही. कुठल्या भिंतीला ओल येते, पागोळ्या कुठे पडतात, पश्चिमेच्या खिडकीतून झड किती आत येते, मागच्या दारातून चिखल कुठवर येतो, हे सगळं त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. आमच्या डिझायनर ताई आल्या त्या दिवशी सकाळपासून पाऊस कोसळत होता. मागच्या भिंतीला त्यांनी हात लावला, मग पाठ टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, या भिंतीला मी एकही कपाट लावणार नाही." कॅटलॉगमधून झालेल्या पहिल्या कामात नेमक्या त्याच भिंतीवर चार कपाटं होती.

म्हणून माझा क्रम असा. जुलैत भेट आणि मोजमाप. गणपतीत घर भरलं की काय कमी पडतं ते बघून आपली यादी पक्की करायची. पितृपक्षापासून दसऱ्यापर्यंत ड्रॉइंग आणि कोटेशन. दिवाळीनंतर काम सुरू, शिमग्याच्या आधी पूर्ण. शिमगा आला की सुतार, गवंडी सगळे पालखीसाठी आपापल्या गावी जातात. नंतर आंब्याचा हंगाम लागतो, त्या दिवसांत माणूस मिळणं कठीण. भर पावसात केलेल्या कामात लाकूड आणि प्लाय दमट हवेतलं पाणी पिऊनच बसतात, डिंक नीट धरत नाही आणि उन्हाळ्यात सांधे उघडतात.

डिझायनर येण्याआधी घरात बसून करायचं काम

एक वही घ्या आणि घरात जी जी माणसं स्वयंपाकघरात उभी राहतात त्या सगळ्यांना विचारून लिहा. हे काम डिझायनर तुमच्यासाठी करू शकत नाही. शहरात काम केलेल्या चांगल्या डिझायनरलासुद्धा आपोआप सुचणार नाहीत, अशा आमच्या वहीतल्या काही नोंदी देते.

अगोटीची बेगमी. मे महिन्याच्या शेवटी आमच्याकडे तांदूळ, डाळी, कांदे, लसूण, मिरच्या, कुळीथ, आमसुलं, आगळाच्या (कोकमाच्या रसाच्या) बाटल्या, लोणच्याच्या बरण्या, फणसपोळी आणि आठळ्या असं चार महिन्यांचं सामान येतं. ते कुठे राहणार, हे आधी ठरवावं लागतं. कांदे-लसणाला वारा लागतो, बंद ट्रॉलीत ते जुलैतच कुजायला लागतात. त्यांच्यासाठी जाळीचं दार असलेला उभा कप्पा मागून घ्या. सुके बोंबील, सोडे, जवळा यांना हवाबंद डबे आणि धान्यापासून लांबची जागा हवी.

मोठी भांडी. टोप, परात, मोदकपात्र, इडलीपात्र, पितळेचं तपेलं. प्रत्येकाची उंची-रुंदी टेपने मोजून लिहा. आमची मोठी परात २२ इंचांची आहे. नेहमीच्या वरच्या कपाटाची खोली १२ इंच, त्यामुळे ती तिथे कधीच राहणार नव्हती. ओट्याखाली तिच्यासाठी उभा, अरुंद कप्पा केला. आता तिथे परात, पोळपाट आणि विळी अशा तिन्ही वस्तू उभ्या राहतात.

जमीन. ही गोष्ट मी ठासून सांगते. आपल्याकडे निम्मं काम खाली बसून होतं. नारळ विळीवर खवायचा, मासे बसून कापायचे, फणस वर्तमानपत्र पसरून फोडायचा आणि गणपतीत पाच-सहा बायका गोल बसून मोदक वळणार. स्वयंपाकघराच्या मधोमध सुटा ओटा, म्हणजे आयलंड, हल्ली सगळ्यांना हवासा वाटतो. तो मोदकांची ही बसायची जागा खाऊन टाकतो. खूप मोठी खोली असेल तरच त्याचा विचार करा. आम्ही मध्ये सहा फूट बाय सात फूट जमीन पूर्ण मोकळी ठेवली, आणि त्या निर्णयाचा आनंद मला दर गणपतीला होतो.

वहीत आणखी काही साध्या गोष्टी लिहा. कोण डावखुरं आहे, कोणाचे गुडघे दुखतात, रोज किती माणसांचा स्वयंपाक आणि सणाला किती, घरात मासे शिजतात का, देवघर स्वयंपाकघरातच आहे का. वास्तुशास्त्र पाळत असाल, शेगडी आग्नेयेलाच हवी असेल, तर तेही पहिल्याच दिवशी सांगा. ड्रॉइंग झाल्यावर सांगितलंत तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

कोणाला नेमायचं

'आर्किटेक्ट' ही पदवी आपल्या देशात १९७२च्या वास्तुविशारद कायद्याने बांधलेली आहे. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंद असल्याशिवाय ती नावापुढे लावता येत नाही. 'इंटिरियर डिझायनर' या नावाला असं बंधन नाही. त्यामुळे तिथे शिक्षण आणि केलेली कामं आपणच तपासायची. शिवाय मॉड्युलर किचनच्या शोरूममधला 'डिझायनर' पुष्कळदा त्या शोरूमच्या मालाची विक्री करत असतो. त्यात गैर काही नाही, पण तो तुम्हाला "इथे ट्रॉल्या नकोत, कडप्प्याचे कप्पे करा" असं सांगण्याची शक्यता कमी. जुनं घर असेल आणि भिंत पाडायची किंवा खिडकी हलवायची असेल, तर आधी आर्किटेक्ट किंवा स्ट्रक्चरल इंजिनियरचं मत घ्या. चिऱ्याच्या जुन्या घरात छताचा भार भिंतींवरच असतो.

डिझायनर निवडताना मी एकच परीक्षा घेते. "किनाऱ्यालगतच्या घरात तुम्ही केलेलं, निदान तीन पावसाळे बघितलेलं एक स्वयंपाकघर दाखवा." नव्या कामाचे फोटो सगळ्यांकडे असतात. जुनं काम बघायला गेलात की सिंकखालचं दार उघडा, वास घ्या, खालच्या फळीवरून बोट फिरवा. बिजागऱ्या बघा. त्या घरातल्या बाईंना स्वयंपाकघरातच गाठून विचारा, "आता पुन्हा केलंत तर काय बदलाल?" आम्हाला तिथेच कळलं की दाराच्या कडेला दाबून बसवलेली जी पट्टी असते, एज बँडिंग, ती सुटली की बोर्डाच्या पोटात पाणी शिरतं.

फी कशी घेणार हेही तेव्हाच विचारा. कोणी ठरावीक रक्कम सांगतं, कोणी चौरस फुटावर, कोणी एकूण खर्चाच्या टक्क्यांवर. मला ठरावीक रक्कम बरी वाटते, कारण खर्च वाढला तरी फी वाढत नाही. जीएसटी नोंदणी असलेला डिझायनर फीवर १८ टक्के जीएसटी लावतो, तो धरून हिशेब करा. किती वेळा ड्रॉइंग बदलून मिळणार, काम चालू असताना साइटवर किती फेऱ्या होणार आणि त्या फेऱ्यांचा प्रवासखर्च कोणाचा, हे लेखी घ्या. पुण्या-मुंबईहून येणाऱ्या डिझायनरच्या बाबतीत या फेऱ्यांवरूनच नंतर कटकटी होतात.

अंगणात आखलेलं स्वयंपाकघर

डिझायनर तुम्हाला सुंदर रंगीत थ्रीडी चित्रं दाखवतील. ती बघा, पण होकार त्यांच्यावरून देऊ नका. मागून घ्यायची ती ड्रॉइंग्ज चार: वरून दिसणारा आराखडा, प्रत्येक भिंतीचं समोरून चित्र, विजेच्या पॉइंटांचं आणि पाण्याच्या नळांचं. सगळ्यांवर मापं लिहिलेली हवीत.

आराखड्यात शेगडी, सिंक आणि फ्रिज यांचा त्रिकोण तपासतात. या तीन बाजूंची बेरीज साधारण १३ ते २६ फुटांच्या दरम्यान असावी आणि एकेक बाजू ४ ते ९ फूट, असा जगभर वापरला जाणारा ठोकताळा आहे. तो उपयोगी आहेच, पण आपल्याकडे चौथं टोक धरायला हवं: मागीलदार. नारळ, भाजी, मासे, लाकडं, विहिरीचं पाणी सगळं तिथून येतं. मागच्या दारातून सिंककडे जाताना शेगडीसमोरून जावं लागत असेल, तर रोज कोणीतरी कोणाला धडकणार. समोरासमोर दोन ओटे असतील तर मध्ये चार फूट सोडा.

कागदावरची मापं आपल्याला समजत नाहीत, यात लाजण्यासारखं काही नाही. आमच्या ताईंनी एका उघडीप पडलेल्या दुपारी अंगणात रांगोळीने पूर्ण स्वयंपाकघर खऱ्या मापात आखलं. शेगडीच्या जागी पाट, सिंकच्या जागी घमेलं, फ्रिजच्या जागी खुर्ची. मग सासूबाईंच्या हातात पाण्याने अर्धा भरलेला टोप दिला आणि म्हणाल्या, "आजी, भात झालाय, आता पेज निवळायला सिंककडे या." सासूबाई दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. "अगो, हा टोप मी वळून न्यायचा? हात भाजेल ना माझा." शेगडी आणि सिंक समोरासमोरच्या ओट्यांवर होते, मध्ये पूर्ण वळावं लागत होतं. ताईंनी तिथेच पायाने रांगोळी पुसली आणि ठोकताळ्यातले चार फूट बाजूला ठेवून सिंक त्याच ओट्यावर, शेगडीपासून अडीच फुटांवर आणला. हा अर्धा तास आमच्या संपूर्ण कामातला सगळ्यात मोलाचा होता. तुम्हीही हे करा, आणि घरातल्या सगळ्यात ज्येष्ठ बाईला चालायला लावा.

ओट्याची उंची

ताठ उभं राहून कोपर काटकोनात वाकवा. जमिनीपासून कोपरापर्यंतचं माप घ्या आणि त्यातून ४ ते ६ इंच वजा करा. ती तुमच्या कापण्या-चिरण्याच्या ओट्याची उंची. शेगडीचा भाग याहून दोन-तीन इंच खाली असावा, कारण त्यावर शेगडीची आणि टोपाची उंची चढते. ओट्यावर ठेवायची शेगडी असेल तर तिचेच पाच-सहा इंच जातात, ओट्यात बसवायची असेल तर तेवढे जात नाहीत. म्हणून शेगडी आधी निवडा, मग उंची ठरवा. आमच्याकडे सासूबाई चार फूट दहा इंच आणि मी साडेपाच फुटांच्या आसपास. ओटा ३३ इंच झाला, शेगडीचा भाग ३० इंच, आणि सासूबाईंच्या विळीसाठी खिडकीखालची जमीन.

ओट्याची खोली २४ इंच नेहमीची. वरची कपाटं ओट्यापासून १८ ते २४ इंचांवर. ओट्याच्या कडेला स्क्रूने आवळायची खवणी वापरत असाल, तर ग्रॅनाइटची कड खालच्या शटरच्या दीड-दोन इंच पुढे ठेवायला सांगा, नाहीतर ती आवळायला जागाच राहत नाही.

साहित्य: खारा वारा आणि ओल

इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण किनाऱ्यावरचे पैसे इथेच बुडतात.

पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) आपल्या हवेत घेऊ नका, निदान खालच्या कपाटांना तरी नाहीच. प्लायमध्ये 'कमर्शियल' म्हणून मिळतो तो एमआर, म्हणजे दमट हवा थोडीफार सोसणारा. पाण्याजवळ लागतो तो आयएस ७१० मानकाचा बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारा प्लाय, ज्याला बाजारात मरीन म्हणतात. या मानकाच्या चाचणीत प्लायचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात. शिक्का मात्र कोणीही मारू शकतो. म्हणून आम्ही दोन दुकानांतून नमुन्याचे तुकडे आणले, त्यांवर खिळ्याने खुणा केल्या आणि पाणचुलीवरच्या तपेल्यात टाकले. आंघोळीचं पाणी तापत होतं तसे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ते उकळत राहिले. तिसऱ्या दिवशी एका तुकड्याचे पदर केळीच्या सोपटासारखे सुटून आले. दुसरा काळवंडला होता, पण कडेत नख शिरत नव्हतं. तोच घेतला. दोघांवर शिक्का सारखाच होता. प्रयोगशाळेची सर याला नाही, पण उघड खोटा माल यात पकडला जातो.

चांगला प्लायसुद्धा उघड्या कडेतून पाणी पितो. सनमायका बाहेरून लावतात तसा आतूनही लावून घ्या, एकाच बाजूला लावलं तर फळी वाकते. सिंकच्या पाइपासाठी आणि वायरसाठी सुतार जी भोकं पाडतो, त्यांच्या कच्च्या कडांना सिलिकॉन किंवा रंग लावलाय का ते स्वतः वाकून बघा. कडेच्या पट्टीसाठी पीयूआर डिंक ओलीला जास्त टिकतो, तो मिळतो का विचारा.

खाली मात्र मी जुन्या पद्धतीकडेच गेले. ओट्याखाली प्लायच्या पेट्या न करता कडप्प्याच्या उभ्या फरशा घालून कप्पे केले आणि त्यांना फक्त दारं आणि बास्केट बसवल्या. कडप्प्याला वाळवी लागत नाही, पाणी साचलं तरी तो फुगत नाही. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा खालच्या ट्रॉल्या गेल्या नाहीत असं घर त्या भागात शोधावं लागेल. नदी-खाडीच्या काठी, सखल जागी घर असेल तर खालची कपाटं दगडाची आणि विजेचे सगळे पॉइंट ओट्याच्या वर, याबद्दल मला शंकाच वाटत नाही.

दारांसाठी फणसाचं लाकूड कोकणात पिढ्यान्‌पिढ्या वापरलं जातं. नीट वाळवलेलं मिळालं आणि सुतार चांगला असेल तर जरूर करा. पावसात ते थोडं फुगणार, म्हणून दोन दारांमध्ये पुरेशी फट सोडायला सांगा. फॉइल चिकटवलेली चकचकीत दारं शेगडीशेजारी नकोत, उष्णतेने कडा सुटतात.

स्टीलच्या बाबतीत आकडे विचारा. बास्केट आणि सिंकसाठी ३०४ ग्रेड, ज्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. स्वस्तातला २०२ ग्रेड दिसायला तसाच, पण खाऱ्या हवेत लवकर डाग धरतो. ३१६ ग्रेडमध्ये मॉलिब्डेनम असतं, तो खाऱ्याला आणखी चांगला टिकतो, पण महाग. अगदी समुद्राला लागून घर असेल तर निदान हँडल आणि स्क्रू तरी ३१६चे बघा. ३०४वरही आमच्याकडे पावसाळ्याआधी तपकिरी ठिपके येतात. आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने पुसलं की वाढत नाहीत. बिजागऱ्या आणि चॅनलसाठी मीठफवाऱ्याची चाचणी असते, आयएसओ ९२२७. किती तासांची चाचणी पार केली हे चांगल्या कंपन्या सांगतात. डिझायनरला ते कागदावर दाखवायला सांगा.

ओट्यासाठी काळं किंवा गडद ग्रॅनाइट. संगमरवर नको. आगळ, लिंबू, चिंच पडली की त्याच्यावर कायमचे पांढुरके ओरखडे उठतात, आणि आपला स्वयंपाक तर आंबटावरच चालतो. फरशांच्या सांध्यांत एपॉक्सी भरून घ्या, साध्या सिमेंटच्या सांध्यात हळद आणि काळी बुरशी दोन्ही बसतात.

चिऱ्याच्या भिंतीवर वरची कपाटं टांगणार असाल तर काळजी घ्या. चिरा सच्छिद्र आणि ठिसूळ, त्यात साधे प्लग सैल होतात. लांब अँकर किंवा केमिकल अँकर वापरा. भिंत मातीत रचलेली असेल तर टांगूच नका, जमिनीवर उभी कपाटं करा. बाहेरच्या भिंतीपासून कपाट इंचभर पुढे असलं की मागून हवा खेळते. आणि काम सुरू करण्याआधी चौकटींच्या पायथ्याशी वाळवीच्या मातीच्या रेघा शोधा. सापडल्या तर आधी वाळवीचं औषध, मग बाकी सगळं.

धूर, गॅस, वीज, पाणी

चिमणीचा पाइप सहा इंची, आखूड आणि कमीत कमी वळणांचा असावा. त्याचं तोंड पश्चिमेला किंवा नैर्ऋत्येला काढू नका, पावसाळ्यात तिकडून वारा आणि पाणी उलटं आत येतं. शक्यतो पूर्वेला काढा आणि वर टोपी बसवा. शेगडीही पश्चिमेच्या खिडकीसमोर नको, जुलैत ज्योत टिकत नाही.

गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. म्हणून सिलिंडरच्या कपाटाला तळाशी जाळी हवीच. १४.२ किलोचं सिलिंडर रेग्युलेटरसकट मोजा आणि ते वाकडं न करता आत जातं का बघा. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर. सुरक्षा नळी दीड मीटरच्या आत आणि दर पाच वर्षांनी बदलायची. सिलिंडर बाहेरच्या पडवीत ठेवून तांब्याच्या पाइपने आत आणायचं असेल तर गॅस एजन्सीच्या माणसाकडूनच करून घ्या.

विजेसाठी ओव्हन, इंडक्शन, फ्रिज यांना १६ अँपिअरचे स्वतंत्र पॉइंट, मिक्सरला ओट्यावर वेगळा, आणि सगळ्यांवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच. आपल्याकडे अनवाणी, ओल्या फरशीवर काम चालतं, म्हणून यात काटकसर नको. जांभ्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंग कोरडं पडतं, त्या खड्ड्यात पाणी घालत राहावं लागतं. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं, आमची कौलं उडाली आणि नंतर कित्येक दिवस वीज नव्हती. त्या दिवसांत मागच्या पडवीतल्या चुलीने घर जेवू घातलं. नव्या आराखड्यात ताईंनी ती चूल काढून तिथे वॉशिंग मशीन दाखवलं होतं. मी ते मशीन न्हाणीघराकडे हलवायला लावलं आणि चूल ठेवली.

माशांसाठी मागीलदारी कडप्प्याचा छोटा ओटा, वर नळ, उतार माडाच्या आळ्याकडे. खर्च थोडा, पण घरातल्या सिंकला वास राहत नाही आणि खवल्यांनी पाइप तुंबत नाही. विहिरीचं पाणी तांबूस डाग सोडत असेल तर पांढरं सिंक घेऊ नका.

कोटेशन

"किचन पूर्ण, इतके लाख" असं एका ओळीचं कोटेशन परत पाठवा. प्रत्येक वस्तू वेगळी हवी: प्लायचा प्रकार, जाडी आणि ब्रँड, सनमायक्याची जाडी, बास्केटची संख्या आणि ग्रेड, बिजागऱ्या किती आणि कुठल्या, ग्रॅनाइट किती फूट, जुनं काढायची मजुरी, वाहतूक, जीएसटी. वाहतुकीत एक गोष्ट शहरातले लोक विसरतात. आमच्या घरापर्यंत गाडी येत नाही, चिऱ्यांची पाखाडी उतरून यावं लागतं. दहा फुटी ग्रॅनाइट त्या वळणावरून आलंच नसतं. आम्ही आधीच दोन तुकडे करायचं ठरवलं आणि सांधा सिंक आणि शेगडी दोन्हींपासून लांब घेतला. तुमच्या पाखाडीचं, फाटकाचं आणि दाराचं माप डिझायनरच्या वहीत गेलंच पाहिजे.

पैसे कामाच्या टप्प्याप्रमाणे द्या. आमचे टप्पे असे होते: ड्रॉइंग पक्की झाल्यावर १० टक्के, माल घरात पोचून तपासल्यावर ४०, कपाटं उभी राहिल्यावर ३०, काम संपल्यावर १०. उरलेल्या १० टक्क्यांचं पुढे सांगते.

काम चालू असताना

क्रम सोडू नका. तोडफोड, वाळवीचं औषध, भिंतीतल्या वायरी आणि पाइप, प्लास्टर, जमीन, कडप्पा, ग्रॅनाइट, भिंतीच्या फरशा, मग शेवटी लाकूडकाम. भिंतीतल्या वायरी आणि पाइप झाकण्याआधी टेप लावून फोटो काढून ठेवा, पुढे खिळा ठोकताना देवासारखे उपयोगी पडतात. प्लास्टर पूर्ण वाळल्याशिवाय कपाटं लावू देऊ नका, सुतार कितीही घाई करोत. या महिना-दीड महिन्यासाठी पडवीत तात्पुरती शेगडी आणि पाण्याची सोय आधीच करा. आणि रोज संध्याकाळी एक फेरी मारा. रागावण्यासाठी जाऊ नका, चहा घेऊन जा. "हा बघा काकी, इथे पाइप आडवा येतोय" हे सुतार चहा पितानाच सांगतो, फोनवर सांगत नाही.

ताब्यात घेताना प्रत्येक दार आणि बास्केट भरलेल्या डब्यांसकट उघडून बघा, रिकामी तर सगळीच छान सरकतात. सिंक काठोकाठ भरून एकदम सोडा आणि खाली कोरडं वर्तमानपत्र पसरून सांधे तपासा. चिमणी चालू करून तिच्याखाली कागद धरा. आरसीसीबीचं टेस्ट बटन दाबा. सगळ्या बिलांच्या आणि वॉरंटीच्या प्रती घ्या.

शेवटचे १० टक्के आम्ही नारळी पौर्णिमेला द्यायचे असं करारातच लिहिलं होतं. ताईंनी विचारलं, "तोपर्यंत का?" मी म्हटलं, "तोवर मृग, आर्द्रा, पुनर्वसू सगळं होऊन गेलेलं असेल." त्या हसल्या आणि सही केली. त्या वर्षी जुलैत दोन दारं फुगून अडकली, त्यांनी सुतार पाठवून ती रंधून दिली. नारळी पौर्णिमेच्या सकाळी सासूबाईंनी नारळीभात केला आणि मी ताईंच्या खात्यात पैसे भरले.